परड्यातली धायटी

धायटीचे झुडूप कोल्हापूर आणि आसपासच्या घरबागांत लावले जावे, असे माझे ठाम मत आहे. पण ते मांडण्याआधी तिच्याविषयीचा एक समज दूर केला पाहिजे. डोंगरउतारावर ज्या झाडाला कोणी पाणी घालत नाही की खत देत नाही, ते बागेत आणून त्याचे लाड केले की अधिक जोमाने फुलेल, असे आपण सहज गृहीत धरतो. धायटीला हे लागू पडत नाही. शेणखताने भरलेला खड्डा, रोजचे पाणी आणि भिंतीची सावली एवढे मिळाले की तिच्या फांद्या लांब आणि लुळ्या होतात, पाने मोठी होतात आणि फुलोरा विरळ येतो. तिला काय द्यायचे नाही हे ज्याला कळले, त्याच्याकडे ती वर्षानुवर्षे फुलते. परड्यात धायटी वाढवताना मला जे समजले, त्यातला मुख्य भाग हाच आहे.

पन्हाळ्याकडे किंवा जोतिबाकडे जाणाऱ्या रस्त्याने माघ-फाल्गुनात गेलेल्या प्रत्येकाने धायटी पाहिलेली असते, भले नाव ठाऊक नसो. जिथे रस्त्यासाठी डोंगराची कड कापलेली आहे, माती उघडी पडून मुरूम दिसतो आहे आणि गवतही वाळून गेले आहे, अशा जागी पुरुषभर उंचीची, बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटलेली झुडपे लाल फुलांनी लगडलेली दिसतात. राधानगरी आणि गगनबावड्याच्या वाटेवरही उघड्या उतारांवर ती भेटते. फांद्या बाहेर झुकलेल्या, साल तपकिरी आणि पातळ पापुद्र्यांनी सुटणारी, पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्याच्या आकाराची आणि खालच्या बाजूने करडी-पांढुरकी. पान उलटे करून उजेडात धरले तर त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात, आणि धायटी ओळखण्याची ती एक चांगली खूण आहे. मेंदी, डाळिंब आणि आपले राज्यपुष्प असलेला ताम्हण ही तिची नातलग मंडळी, सारी एकाच कुळातली.

तिचे फूल जवळून पाहण्यासारखे आहे. लांबून जो लाल रंग दिसतो तो पाकळ्यांचा नसतो. तो असतो निदलपुंजाचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाचा, आणि हे आवरण एखाद्या किंचित वाकलेल्या नळीसारखे असते. तिची लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भरते. खऱ्या पाकळ्या 6 असतात, पण त्या इतक्या बारीक आणि पातळ असतात की नळीच्या तोंडाशी शोधाव्या लागतात. नळीतून 12 पुंकेसर बाहेर डोकावतात. ही नळी फूल संपल्यावर गळून पडत नाही. फळ धरते ते तिच्याच आत, आणि बी पिकेपर्यंत ती त्याला वेढून राहते. त्यामुळे पाकळ्यांवर अवलंबून असलेल्या फुलझाडांचा बहर जिथे काही दिवसांत ओसरतो, तिथे धायटीचा लाल रंग आठवडेच्या आठवडे फांदीवर टिकतो. बागेच्या दृष्टीने हा फार मोठा गुण आहे, आणि जास्वंद-सदाफुलीच्या पलीकडे काही लावू इच्छिणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

धायटी फुलते तो काळही महत्त्वाचा. माघापासून चैत्रापर्यंत, म्हणजे पाणवठे आटत असताना आणि रानातली बहुतेक झुडपे पानगळीला लागलेली असताना, धायटी मधुरस देते. याच दिवसांत पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेली असते, आणि या साऱ्यांच्या फुलांत लाल-केशरी रंग प्रमुख असावा हा योगायोग नाही. मधमाश्यांना लाल रंग फारसा वेगळा ओळखता येत नाही. पक्ष्यांना तो स्पष्ट दिसतो. ही झाडे पक्ष्यांना बोलावतात आणि परागीभवनाचे काम त्यांच्याकडून करून घेतात. मात्र पळस किंवा सावर घराच्या परड्यात लावायची म्हटली तर तेवढी जागा शहरात कोणाकडे असणार? धायटीला चार-पाच फूट जागा पुरते. तिच्या फांद्या बारीक पण चिवट असल्याने शिंजीर त्यांवर बसून, वाकून, एकेका नळीत चोच घालत पुढे सरकतो. विणीच्या हंगामातला जांभळा शिंजीर नर उन्हात चमकताना पाहायचा असेल, तर दुर्बीण घेऊन दाजीपूरला जायलाच हवे असे नाही. चष्मेवाले नावाचे चिमुकले पक्षी थव्याने येतात, बुलबुल येतात, आणि रंगाचे आमंत्रण नसतानाही मधमाश्या मधाच्या ओढीने येतातच. मी फुलोऱ्याच्या दिवसांत झुडपाजवळ मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवते. पक्षी आधी मध घेतात आणि मग पाण्यावर उतरतात, असे मला अनेकदा दिसले आहे.

आयुर्वेदात हिला धातकी म्हणतात, आणि या नावाने ती पुष्कळांच्या घरात आधीच येऊन गेलेली आहे. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुमार्यासव अशा औषधांच्या घटकांत धातकीची फुले असतात. ती तिथे मुख्यतः संधानासाठी, म्हणजे काढा किंवा रस आंबवण्यासाठी घातली जातात. फुलांतल्या मधुरसावर किण्व, म्हणजे यीस्ट, वाढलेले असतात आणि गूळ किंवा मध घातलेल्या द्रवात ते किण्वन सुरू करतात. फुलांतल्या टॅनिनचाही, म्हणजे तुरट द्रव्याचाही, त्या घडणीत वाटा असतो. हे ज्ञान फार जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 84 आसवांची, म्हणजे आंबवलेल्या द्रवांची, मोजदाद केलेली आहे आणि त्यांतल्या फुलांपासून केलेल्या 10 पुष्पासवांत धातकीचा समावेश आहे. पाना-फुलांतल्या रंगद्रव्यांमुळे ती कापड रंगवण्यासाठी आणि टॅनिनमुळे कातडे कमावण्यासाठीही वापरात होती. ज्या शहराची ओळख बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याच्या चपलांनी झाली, त्या शहरात टॅनिनचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पण या उपयोगाची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. काष्ठौषधींच्या दुकानात पोत्यात भरलेली धायटीची सुकी फुले बव्हंशी रानातून येतात. फूल फांदीवरून ओरबाडले की त्या फांदीवर बी धरत नाही, आणि पक्ष्यांचा मधही जातो. झुडूप स्वतः चिवट असल्याने लगेच मरत नाही, म्हणून नुकसान डोळ्यांना दिसत नाही. उतारावर नवी रोपे येणे मात्र कमी होते. घरच्या बागेतले एक-दोन झुडूप हा व्यापार थांबवू शकणार नाही, हे मला कळते. तरीही ज्या फुलांचा आपण औषधातून लाभ घेतो ती जिवंत कशी दिसतात, ती कोणासाठी फुलतात, हे घरातल्या मुलांना ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. घरच्या फुलांचे औषध मात्र स्वतः करू नये; त्यासाठी वैद्य आहेत.

आता लागवडीकडे वळते, आणि त्यात मातीविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण कोल्हापुरात धायटी दगावते ती बहुधा मातीमुळे. पंचगंगेच्या काठची आपली काळी जमीन उसासाठी उत्तम, पण पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. धायटीची मुळे डोंगरावरच्या मुरमात, जांभ्याच्या फटींत वाढायला सरावलेली असतात. तिथे पाऊस कितीही पडला तरी पाणी मुळांशी थांबत नाही. गगनबावड्यासारख्या धो-धो पावसाच्या मुलखात ती उतारावर सुखाने जगते आणि त्याहून कितीतरी कमी पावसाच्या कोल्हापूर शहरात सपाट काळ्या मातीत तिची मुळे कुजतात, याचा अर्थ प्रश्न पावसाचा नसून निचऱ्याचा आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्या वस्त्यांत पाणी आले, तिथली जमीन पूर ओसरल्यावरही कितीतरी दिवस दलदलीसारखी होती. अशा सखल भागात धायटी थेट जमिनीत लावू नये. दीड-दोन फूट उंचीचा वाफा बांधावा, तळाशी विटांचे किंवा जांभ्याचे तुकडे टाकावेत आणि वर दोन भाग मुरूममिश्रित तांबडी माती, एक भाग जाडसर वाळू आणि ओंजळ-दोन ओंजळी कुजलेला पालापाचोळा एवढेच मिश्रण भरावे. कात्यायनी, पाचगाव अशा चढाच्या बाजूला ज्यांची घरे आहेत आणि ज्यांच्या अंगणात फूटभर खणल्यावरच मुरूम लागतो, त्यांनी आपल्या जमिनीला नावे ठेवणे सोडावे. इतर फुलझाडांना नकोशी वाटणारी ती जमीन धायटीला जशीच्या तशी चालते.

रोप मिळवणे हे खरे अवघड काम. रोपवाटिकांत धायटी मागितली तर बहुधा नकार मिळतो, किंवा लाल-केशरी नळीच्या फुलांचे हॅमेलिया पुढे केले जाते. हॅमेलिया हे अमेरिका खंडातले झुडूप आहे. त्याची पाने बहुधा तीन-तीनच्या झुबक्यांत येतात आणि त्यांच्या खाली धायटीसारखे काळे ठिपके नसतात, एवढे लक्षात ठेवले तरी फसगत होत नाही. रानातले झुडूप मुळासकट उपटून आणणे हा तर मार्गच नव्हे. अभयारण्याच्या हद्दीत तो गुन्हा आहे, आणि हद्दीबाहेरही खडकात खोल गेलेले मूळ तुटल्यावर ते झुडूप क्वचितच जगते. छाट कलम करता येते, पण घरगुती प्रयत्नांत बरेच तुकडे वाळून जातात. म्हणून बी हाच उत्तम मार्ग. आपल्या किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावर, डोंगराकडच्या माळावर धायटी असेल तर मालकाला विचारून चैत्र-वैशाखात तपकिरी झालेल्या, वाळलेल्या नळ्या थोड्याशा तोडून कागदाच्या पुडीत ठेवाव्यात. सगळ्या नळ्या एकाच झुडपावरून घेऊ नयेत. हाताने चुरडल्यावर त्यांतून मातकट रंगाची अगदी बारीक बी पडते, इतकी बारीक की शिंक आली तर उडून जाईल.

हे बी खोल पेरले तर रुजत नाही. पसरट कुंडीत चाळलेली माती आणि वाळू समप्रमाणात भरून ती सारखी करावी, बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून वरून भुरभुरावे आणि त्यावर माती लोटू नये. झारीच्या धारेनेही बी एका कोपऱ्यात वाहून जाते. त्यापेक्षा कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल वर चढू द्यावी. ज्येष्ठात हवा दमट झाली की पागोळ्या अंगावर पडणार नाहीत अशा उजेडाच्या पडवीत ही कुंडी ठेवली तर साधारण दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. पहिले दोन महिने रोपे इतकी सावकाश वाढतात की पुष्कळ जण कंटाळून कुंडी रिकामी करतात. तसे करू नये. श्रावणात चार-सहा पाने झाली की रोपे वेगवेगळ्या पिशव्यांत हलवावीत आणि पुढच्या मृग नक्षत्रापर्यंत पिशवीतच वाढवावीत.

लावणीला मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावरचे दिवस योग्य. वळवाच्या एखाद्या सरीवर विसंबून घाई केली तर मधल्या उघडिपीत रोप सुकते. जागा अशी निवडावी की दिवसातले निदान सहा तास थेट ऊन मिळेल. दोन झुडपांत चार-पाच फूट अंतर असावे. कुंपण करायचे असेल तर तीन फूटही चालते. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यावर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. रोज थोडे थोडे शिंपडले तर ती वरच्या थरातच घोटाळतात. दुसऱ्या वर्षापासून हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद करावे, आणि उन्हाळ्यात पाने मलूल दिसली तरच द्यावे. खत म्हणून वर्षातून एकदा, पावसाच्या सुरुवातीला, बुंध्यापासून वीतभर दूर पालापाचोळ्याचा पातळ थर एवढे पुरते. युरिया किंवा नत्र भरपूर असलेले कोणतेही खत धायटीजवळ आणू नये. बियांपासून वाढवलेले झुडूप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलते आणि त्यानंतर दरवर्षी फुलोरा वाढत जातो.

छाटणीविषयी जे सांगायचे आहे ते माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचे. पावसाळ्यात जी नवी फूट येते, ती हिवाळ्यात पक्व होते आणि त्याच फांद्यांच्या पेरांत, पानांच्या बेचक्यांत माघात फुले धरतात. आपल्याकडे दिवाळीच्या आधी अंगण स्वच्छ करताना माळ्याला बोलावून कुंपण सरसकट कापून घेण्याची पद्धत आहे, आणि मेंदी किंवा दुरंत्याच्या कुंपणाला त्याने काही बिघडत नाही. धायटी मात्र त्या वेळी कापली की पुढचा सगळा फुलोरा कात्रीखाली जातो, आणि मग ‘ही बागेत फुलत नाही’ असा शिक्का तिच्यावर बसतो. आमच्या माळीमामांनी पहिल्यांदा तिला पाहून विचारले होते, ‘ताई, ही डोंगरातली झाडं हाईत, बागंत कशाला लावलीसा?’ आता तेच गल्लीतल्या इतरांना बजावून सांगतात की हिला दिवाळीत हात लावायचा नाही. छाटणीची खरी वेळ वैशाखातली, बी गोळा करून झाल्यानंतरची. फुलून गेलेल्या फांद्यांचा एक तृतीयांश भाग कापावा, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. काही वर्षांनी झुडूप मधूनच उघडे पडले तर सर्वांत जुन्या दोन-तीन फांद्या जमिनीलगत तोडाव्यात. बुंध्यातून नवे धुमारे जोमाने येतात, कारण वणव्यातून आणि सरपणाच्या कोयत्यातून पुन्हा पुन्हा उभे राहणे हा तिचा स्वभावच आहे. झुडपाला गोल किंवा चौकोनी आकार देऊ नये. बाहेर झुकलेली फांदी हेच तिचे रूप आहे, आणि फुले लगडतात तीही त्या झुकलेल्या लांबीवरच.

गच्चीवर मोठ्या कुंडीतही धायटी होते. पंधरा-सोळा इंच तोंडाची, तळाला चांगली भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी आणि दर दोन-तीन वर्षांनी पावसाच्या तोंडावर माती बदलावी. कुंडीतल्या झुडपाला उन्हाळ्यात पाणी अधिक लागते, एवढाच फरक. कीड फारशी लागत नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो जातो. कीटकनाशक मारण्याचा मोह झाला तरी फुलोऱ्याच्या दिवसांत तो पूर्ण टाळावा, कारण त्या नळ्यांत चोच घालणाऱ्या पक्ष्याच्या पोटात ते सरळ जाते.

झाडे लावण्याच्या आपल्या कार्यक्रमांविषयीही इथेच लिहिले पाहिजे. दर पावसाळ्यात उत्साहाने वड, पिंपळ, कडुलिंब, करंज यांची रोपे वाटली जातात आणि ते चांगलेच आहे, पण उंच वृक्ष आणि जमिनीवरचे गवत यांच्या मधला जो झुडपांचा थर असतो, त्याला कोणी विचारत नाही. पक्ष्यांची पुष्कळ घरटी, फुलपाखरांच्या अळ्यांचे खाद्य आणि उतारावरची माती या मधल्या थराच्या आधाराने टिकते. घराच्या आवारात वड लावता येत नाही; झुडूप लावता येते. धायटीच्या सोबतीला पांढरी कोरांटी, निर्गुडी, करवंद, मुरुडशेंग यांपैकी जे जागेला मानवेल ते लावले, तर वर्षातला बहुतेक काळ काही ना काही फुललेले राहते. कोरांटीचा बहर हिवाळ्यातला, तो ओसरू लागला की धायटी रंगू लागते आणि तिच्या मागोमाग करवंदीचा सुगंध येतो. शहरातल्या रस्त्यांच्या दुभाजकांवर, शाळांच्या कडेच्या मुरमाड पट्ट्यांवर, टेकड्यांवरच्या नव्या वसाहतींत कापून ठेवलेल्या उतारांवरही धायटी लावता येईल. तिथे आज टँकरने पाणी घालून परदेशी शोभेची झाडे जगवली जातात, आणि धायटीला असे पाणी पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांपुरतेच लागेल. आमच्या वॉर्डात मी हे बोलून दाखवले तेव्हा ‘रोपे आहेत का?’ असा रास्त प्रश्न आला. त्याचे उत्तर म्हणून यंदा वैशाखात बी जास्त गोळा करून पडवीत दोन कुंड्या अधिक पेरायचे ठरवले आहे, आणि ज्यांच्या बांधावर धायटी आहे त्यांनीही आपापल्या घरी एकेक कुंडी पेरावी, अशी माझी विनंती आहे. पुढच्या मृगाला ती रोपे लावण्याजोगी होतील.